क्लब विकत घ्या, पण गाव सोडून नेऊ नका

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची कार्यकारिणी
आणि इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) चौदाही क्लबांचे मालक

स. न. वि. वि.

माझा जन्म कोल्हापूरचा आणि नोकरी पुण्यात. त्यामुळे फुटबॉलची दोन टोकं मला जवळून बघायला मिळाली. एका टोकाला आमच्या पेठेतल्या तालमीचा संघ. त्याला मालक असा कुणी नाही आणि तो माझ्या आजोबांच्या तरुणपणापासून खेळतो आहे. दुसऱ्या टोकाला बालेवाडीचं स्टेडियम. तिथे बारा-तेरा वर्षांत चार क्लब आले आणि चारही गेले. त्यांच्यासाठी मी तिकिटं काढली, घसा बसेपर्यंत ओरडलो, शनिवार-रविवारची घरातली कामं बुडवली. आज पुण्यासारख्या शहरात देशाच्या सर्वोच्च लीगमधला एकही संघ नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामाचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१० साली आयएमजी-रिलायन्सबरोबर झालेला आणि पुढे लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीकडे आलेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. तो कधी संपणार हे सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ११ जुलै २०२५ ला हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं आणि पुढचे सहा-सात महिने खेळाडू हातावर हात ठेवून बसले. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी करार गोठवले. नवी निविदा निघाली, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली, एकही बोली आली नाही. जानेवारी उजाडला तेव्हा सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर येऊन फिफाला विनवावं लागलं की आता तुम्हीच काहीतरी करा. वीस वर्षं देशासाठी खेळलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे बघताना पोटात तुटलं. अखेर ६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग जाहीर केली. १४ संघ, ९१ सामने. म्हणजे एका संघाच्या वाट्याला १३. आमच्याकडे एखाद्या गावच्या लीगमध्ये पोरं यापेक्षा जास्त खेळतात.

लीग जाहीर झाली याचा आनंद झालाच. पण ती त्या हंगामापुरती सोय होती. आता पुढच्या कित्येक वर्षांची व्यवस्था ठरते आहे. पैसा कोण देणार, प्रक्षेपण कोण करणार, नफ्यातला वाटा कुणाला किती, यावर बैठकांमागून बैठका होत आहेत. त्यांत एक गोष्ट कुणीच मांडत नाही असं मला दिसतं, म्हणून ती मी मांडतो. संघ ज्या गावाच्या नावाने खेळतो, त्या गावाचा त्या संघावर काही हक्क आहे की नाही?

बालेवाडीचंच बघा. पुणे एफसी २००७ साली सुरू झाला. दुसऱ्या श्रेणीतून खेळून वर आला, तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग असलेल्या आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. ‘रेड लिझर्ड्स’ म्हणायचे त्यांना, म्हणजे आपली घोरपड. पुण्याच्या माणसाला घोरपडीचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१५ मध्ये तो क्लब बंद झाला. त्याच सुमारास भारत एफसी आला, एक हंगाम खेळला आणि गेला. मग डीएसके शिवाजियन्स, दोन हंगाम. आणि आयएसएलचा एफसी पुणे सिटी, जो २०१४ पासून होता. तो २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोचला तेव्हा आम्हाला वाटलं, आता रुजला. मार्सेलिनो आणि अल्फारोची जोडी काय खेळायची! वर्षभरातच क्लब आर्थिक अडचणीत आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली.

‘जागा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण व्यवहार तसाच झाला. लीगमधली खुर्ची उचलली आणि दुसऱ्या शहरात मांडली. हैदराबादच्या लोकांनी त्या संघावर जीव लावला आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून त्यांनी चषक उचलला. मला त्यांचा हेवा वाटला, राग नाही आला. पण २०२५ मध्ये तीच खुर्ची हैदराबादहूनही उचलली गेली आणि दिल्लीत ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ नावाने मांडली गेली. आणि दिल्लीत आधी जो संघ होता, दिल्ली डायनामोज, तो कुठे गेला? २०१९ मध्ये भुवनेश्वरला. तो आता ओडिशा एफसी आहे. पुण्याचा हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला, दिल्लीचा ओडिशाला. बदलीवरच्या सरकारी नोकराचं बिऱ्हाड तरी एका ठिकाणी तीन वर्षं टिकतं.

चषक जिंकून दिलेल्या शहरातूनही जर संघ तीन वर्षांत जाऊ शकतो, तर प्रेक्षकाने मन कशावर गुंतवायचं?

मालकांना कदाचित वाटेल की प्रेक्षक काय, नवीन शहरात नवे मिळतात. मिळतातही. पण जुन्या शहरात मागे काय उरतं ते तुम्ही थांबून पाहत नाही, कारण तोवर तुमचं कार्यालय बंद झालेलं असतं. एक प्रसंग सांगतो. कुठल्या क्लबची गोष्ट ते लिहीत नाही, नावाने काही फरक पडत नाही. आमच्या सोसायटीतला एक मुलगा एका क्लबच्या कनिष्ठ गटात होता. तेरा वर्षांचा. पहाटे साडेपाचला वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून निघायचा, बुटांची पिशवी गळ्यात. क्लबने दिलेला टी-शर्ट त्याला गुडघ्यापर्यंत यायचा, आईने तो खालून दुमडून हाताने शिवून दिला होता, वाढत्या अंगाला पुढे उसवता येईल म्हणून. एके दिवशी सकाळी सर मैदानावर आले ते ट्रॅकसूटमध्ये नव्हते, शर्ट-पँटमध्ये होते. मुलांना तेवढ्यावरूनच कळलं. सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला, “तुझ्या घराजवळ कुठलं ग्राउंड आहे रे?” कुणी उत्तर दिलं, कुणी नाही. मग सरांनी जाळीच्या पिशवीतले बॉल मुलांना वाटून टाकले. आमच्या या मुलाच्या वाट्याला एक आला. तो आजही त्यांच्या बाल्कनीत आहे, हवा गेलेला. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो मोठा खेळाडू झालाच असता असं मी म्हणणार नाही. पण त्याला ते अजमावून बघायलाही मिळालं नाही. आणि त्या सकाळी त्या गोलात तो एकटा नव्हता.

पुण्याचं सोडा, थोडं खाली किनाऱ्यावर चला. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंतच्या नऊ हंगामांची यादी काढा. राष्ट्रीय विजेतेपद सलग नऊ वर्षं आपल्या याच किनाऱ्यावर होतं. पाच वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर आणि एकदा मुंबईचा महिंद्र युनायटेड. कोलकात्याला या नऊ वर्षांत एकदाही ते मिळालं नाही! यांतल्या तिघांचं काय झालं ते बघा. महिंद्र २०१० मध्ये बंद झाला. कंपनीने ठरवलं, संपलं. १९६२ पासूनचा, मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळलेला संघ एका निर्णयाने इतिहासजमा झाला. साळगावकर आणि धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांच्यासारख्यांना खालच्या पायरीवर बसवायचं ठरत होतं. पाच वेळच्या विजेत्याला सांगायचं, की तू कितीही जिंकलास तरी वर येणार नाहीस, कारण वरच्या जागा पैसे भरून गेल्या आहेत. असं सांगितल्यावर कुठला स्वाभिमानी क्लब थांबेल? धेंपो आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा खालून चढून दुसऱ्या श्रेणीपर्यंत आला. त्या क्लबच्या जिद्दीला माझा नमस्कार.

गोव्याच्या मातीत काय आहे ते २२ ऑक्टोबर २०२५ ला सगळ्या आशियाने पाहिलं. फातोर्ड्याला सौदी अरेबियाचा अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, आला होता. रोनाल्डो आला नाही, त्याची चर्चा जास्त झाली. पण सादियो माने होता, जोआओ फेलिक्स होता. त्यांच्याविरुद्ध एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, गोव्याच्याच पोराने. सामना १-२ ने हरलो. पण मी त्या रात्री विचार करत होतो की हा मुलगा ज्या देशाच्या लीगमध्ये खेळतो, त्या लीगचा त्या दिवशी पत्ताच नव्हता. त्याच मैदानावर आठ दिवस आधी भारत सिंगापूरकडून हरला होता आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं होतं. खेळाडूंना हंगामच नव्हता, सराव कशाच्या जोरावर करायचा?

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. तुम्ही वर्षानुवर्षं तोटा सोसला आहे, हे कुणीही नाकारणार नाही. सिटी फुटबॉल ग्रुपसारखा जगभर क्लब चालवणारा समूह २०१९ मध्ये मुंबई सिटीत आला, त्यानंतर संघाने दोनदा साखळीत अव्वल राहून शील्ड आणि दोनदा अंतिम सामना जिंकून चषक मिळवला, आणि तरीही डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी हात काढून घेतले. लीगचं भवितव्यच कळेना म्हणून. जिंकणाऱ्याला जिथे राहावंसं वाटत नाही तिथे हरणाऱ्याने का राहावं, हा प्रश्न रास्त आहे. पण तोटा का होतो याचं एक उत्तर मला गॅलरीत बसून दिसतं. ज्या लीगमध्ये तळाला राहून कुणी खाली जात नाही, तिथे फेब्रुवारीनंतर अर्ध्या संघांच्या सामन्यांना अर्थच उरत नाही. तोवर दुसऱ्या श्रेणीची झालेली आय-लीग जिंकून पंजाब २०२३ मध्ये वर आला, मोहम्मेडन २०२४ मध्ये, इंटर काशी २०२५ मध्ये. इंटर काशीचं विजेतेपद तर मैदानावर ठरलंच नाही. आय-लीग एप्रिलमध्ये संपली आणि विजेता जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने ठरवला. २०२५ पर्यंत वर आले तीन, खाली गेला एकही नाही. २०१९ च्या तुमच्याच आराखड्यात २०२४-२५ पासून पदावनती लिहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ ला मंजूर केलेल्या महासंघाच्या नव्या घटनेतही सर्वोच्च लीगमध्ये बढती आणि पदावनती असली पाहिजे असं आहे. तेव्हा यावर ‘विचार करू’ म्हणायला आता जागा नाही. पदावनतीला घाबरणाऱ्या मालकांना मी एवढंच सांगेन की दुसऱ्या श्रेणीचे सामनेही नीट दाखवा, तिथेही थोडा पैसा पोचू द्या, म्हणजे खाली जाणं म्हणजे मरण राहणार नाही.

आता माझी मुख्य मागणी. पुढचा जो काही करार होईल, क्लबांना जो परवाना द्याल, त्यात स्पष्ट लिहा की संघ शहराबाहेर नेता येणार नाही. मालक बदलू द्या, शेअर विकू द्या, तो तुमचा व्यवहार. पण शहर, नाव, रंग आणि बोधचिन्ह बदलायचं असेल तर तिथल्या प्रेक्षकांच्या नोंदणीकृत संघटनेची आणि राज्य संघटनेची संमती लागेल. मालकाला चालवणं झेपत नसेल तर त्याने बाहेर पडावं, संघाने नाही. आणि बाहेर पडताना कनिष्ठ गटाची मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक यांचा एका वर्षाचा खर्च भागेल इतकी बँक हमी आधीच घेऊन ठेवा. ती रक्कम मोठी नसते. एका परदेशी खेळाडूच्या मानधनात कनिष्ठ गट वर्षभर चालत असेल, असा माझा अंदाज आहे.

प्रेक्षकांची संमती म्हटलं की काही जण हसतील. त्यांनी मोहन बागानकडे पाहावं. १८८९ चा तो क्लब २०२० मध्ये आयएसएलमध्ये आला तेव्हा त्याच्या नावापुढे दुसऱ्या फ्रँचायझीचं नाव जोडलं गेलं. बागानच्या लोकांनी ते मान्य केलं नाही. तीन वर्षं ते मागे लागले. २०२३ मध्ये संघ चषक जिंकला त्याच रात्री मालकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. मालकांचं त्यात काही बिघडलं नाही. उलट त्यानंतर त्यांना जे प्रेम मिळालं ते जाहिरातीवर कितीही पैसे ओतून मिळालं नसतं. बागानला ते जमलं कारण त्यांच्यामागे सव्वाशे वर्षांहून जास्त काळाची ताकद होती. पुण्याकडे ती नव्हती, हैदराबादकडे नव्हती. म्हणून तर नियम हवा. ज्याच्याकडे ताकद नाही त्याच्यासाठीच नियम असतो.

आणि आता कोल्हापूर. फुटबॉलमध्ये पैसा नाही, प्रेक्षक नाही असं जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला शाहू स्टेडियम आठवतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. ही नावं देशाच्या नकाशावर कुठे नाहीत. पण यांतल्या दोघांचा सामना असला की शहरातली अर्धी दुकानं दुपारनंतर पोराच्या हवाली होतात. मालक स्टेडियममध्ये असतो. दगडी पायऱ्या तापलेल्या, डोक्यावर रुमाल, हातात खाऱ्या शेंगदाण्याचा कागद, आणि शेजारी बसलेले सत्तरीचे काका सेंटर-हाफला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारून सांगतात, “अरे, तुझा आजा असा बॉल सोडत नव्हता!” पोरगं मान वर करून बघतं आणि पुढचा बॉल सोडत नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे. संघाला खर्च लागतो, तो पेठेतून जमतो. कुणी जर्सी देतं, कुणी बाहेरून आलेल्या खेळाडूंचं जेवण बघतं. इथे संघ दुसऱ्या पेठेला विकायचा विचार जरी कुणी बोलून दाखवला, तरी त्याला घरचे चहा देणार नाहीत.

कोल्हापुरात सगळं चांगलंच आहे असं म्हणत नाही. हुल्लडबाजी होते, दगड येतात, सामने थांबवावे लागले आहेत, बंदोबस्तात खेळावे लागले आहेत. आम्हालाच त्याची लाज वाटते आणि ते आम्हालाच थांबवायचं आहे. पण माणूस भांडतो ते आपल्या गोष्टीसाठी. तो आपलेपणा आमच्याकडे आहे, आणि तुमच्या लीगला नेमका तोच मिळत नाही.

याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्ये गेला. तेव्हा पेठेपेठेत त्याचे फलक लागले होते. असे आणखी दहा-बारा तरी इथून निघतील. पण त्यांना महाराष्ट्रात चढायला पायऱ्या कुठे आहेत? कोल्हापूरच्या मुलाला पूर्वी निदान पुण्याचा क्लब दिसत होता, रात्रीच्या एसटीने सकाळी पोचता येत होतं. आज त्याच्यासमोर थेट मुंबई, गोवा नाहीतर बंगळूर. महासंघाने दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे दरवाजे अशा तालमींना उघडावेत. परवान्याच्या अटी त्यांना झेपतील अशा टप्प्याटप्प्याने लावाव्यात. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कोटींची हमी मागू नका. हिशेब लिहायला शिकवा, प्रशिक्षकांना परवाना मिळवून द्या, मैदानाला दिवे लावायला मदत करा. माणसं आणि जिव्हाळा तिथे आधीच आहे.

आपल्यापैकी कुणाला हे कागदावरचं वाटत असेल तर एक विनंती करतो. महासंघाच्या कार्यकारिणीतला एक आणि क्लबमालकांपैकी एक, असे दोघे जण यंदाच्या हंगामात कोल्हापूरला या. पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसू नका, हारतुरे नकोत. तिकीट काढून पायऱ्यांवर बसा. मोठा सामना चारला सुरू होतो, पण बसायला जागा हवी असेल तर दोनलाच यायला लागेल. डोक्याला रुमाल बांधून या. शेंगदाणे मी घेऊन ठेवतो.

आपला,
बालेवाडीच्या गॅलरीतला एक जुना प्रेक्षक